झाडायच्या मशीनची ग्रेड

माही पोरगी दीपमाला बंगलोरले राह्यते. तिनं मले झाडायची मशीन पाठवली. आपोआप चालणारी. खोक्यावरची किंमत वाचू नका, असं तिनं आधीच फोनवर बजावलं होतं, म्हणून मी पहिले किंमतच वाचली अन् माहं डोकंच फिरलं.

"अवो बाई, एवढ्या पैशात दिग्रसमधी वीस वर्षं झाडाले बाई लावता येते," तिचा फोन आला तवा मी म्हणलं.

"बाबा, दहा दिवस वापरून पाहा. नाही पटली तर दहाव्या दिवशी परत करता येते. तुम्ही ग्रेडर आहा, तुम्हीच ग्रेड लावा."

आता असं म्हणल्यावर माणूस काय बोलते? चौतीस वर्षं मी दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाचा ग्रेडर होतो. गाडी आली की हात खांद्यापर्यंत आत घालायचा, कारण वर चांगला अन् खाली भिजलेला कापूस भरायची काही लोकाईले खोड असते. मूठभर बाहेर काढायचा, चिमटीत धागा ओढून पाहायचा अन् सांगायचं. सुपर, फेअर, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा, कचऱ्याचा माल. एकदा तोंडातून निघालं की निघालं, मंग कोणी पाया पडो की शिव्या देवो. एका साली भाव कोसळले, तवा मालक मले म्हणे, सगळ्या मालाले एकेक ग्रेड खालची लाव. मी म्हणलं, जिनिंग तुमची, नोकरी तुमची, पण ग्रेड माही आहे. दोन महिने त्यानं मले वजनकाट्यावर पावत्या फाडाले बसवलं. बसलो. पण खोटी ग्रेड माह्या तोंडातून कधी निघाली नाही, हे मी छाती ठोकून सांगत होतो. म्हणजे, त्या जानेवारीपर्यंत सांगत होतो.

माही बायको इंदू जाऊन तवा अडीच वर्षं झाले होते. तीन खोल्या, अन् त्यात मी एकटा. सकाळी बुद्धवंदना झाली, भाजी-पोळी झाली की अकरा वाजतात, मंग काय करावं माणसानं? पेपर तरी किती वाचावा? एकटेपणाचं रडगाणं मी कोणापाशी गायलो नाही, मले ते जमत नाही. पण आता सांगायलेच बसलो तर खरं सांगतो, संध्याकाळी सात वाजले की घर खायले उठे. दीपमालाचा फोन दर रविवारी येई. जेवले का, गोळी घेतली का, बीपी किती. मी सांगे, हाव, हाव, एकशे चाळीस. दोन मिनिटांत आटपे.

मशीन म्हणजे एक काळं, गोल डबडं, पोळपाटापेक्षा जरासं मोठं. त्याचं एक खोपटं असते, ते भिंतीले लावून ठेवायचं. मशीन घरभर फिरते, झाडते, पुसते, अन् काम झालं की खोपट्यात जाऊन उभी राह्यते. पहिल्या दिवशी ती वायफायले जोडायची होती. दीपमालानं व्हिडिओ कॉल लावला अन् दोन तास मले शिकवलं. ती म्हणे, बाबा ते बटन नाही, वरचं. मी म्हणे, वर बटनच नाही. ती म्हणे, तुम्ही मशीन उलटी धरली. मी तिच्यावर तीनदा खेकसलो, ती माह्यावर चारदा. अन् शेवटी जवा मशीन इंग्रजीत काहीतरी बोलून चालू झाली, तवा ती असी हसली, असी हसली, की मले ती सातवीत असल्यासारखी वाटली. दोन तास! मी कॅलेंडर पाह्यलं, त्या दिवशी रविवारही नव्हता.

"बाबा, तिले समोर डोळा आहे. तो रोज पुसत जा," ती फोन ठेवतानी म्हणे.

मी म्हणलं, बरोबर आहे, डोळ्याबिगर चालन कोण. मले वाटलं डोळा म्हणजे तिले तिच्यापुरता, खुर्ची-टेबलाले धडकू नये म्हणून. पुसत गेलो रोज.

दोन दिवस मी नुसतं पाह्यलं. ती सकाळी आठले आपोआप निघे. पलंगाखाली जाई, टेबलाचे पाय मोजल्यासारखी फिरे. चांगलं झाडे, खोटं कायले बोलू. पण घरच्या धुळीवर कोणी ग्रेड लावते का? तपासायचं तर पक्का नमुना पाहिजे. तिसऱ्या दिवशी सायकल काढली अन् जिनिंगात गेलो.

जानेवारी महिना, म्हणजे पटांगणात पाय ठेवाले जागा नसावी. तिथं दोन कुत्रे ऊन खात पडलेले. भाव पडले होते, म्हणून लोकाईनं कापूस विकलाच नाही, घराघरात भरून ठेवला होता. फिटर युनूस एकटाच स्टुलावर बसून चाय पीत होता. हा माणूस चाळीस वर्षं जिनिंगच्या मशिनीच्या पोटात हात घालून बसला, त्याची दोन बोटं अर्धी आहेत.

"युनूस, मले कचरा पाहिजे," मी म्हणलं.

"या अल्ला! लोक इथून रुई नेतात, तू कचरा नेऊन राह्यला? क्या हुआ रे तुझे?"

"परीक्षा घ्याची आहे."

"किसकी?"

"झाडायच्या मशीनची."

तो उठून संगच आला. आम्ही दोघांनी पिशवीभर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, पालापाचोळा अन् सरकी आणली, अन् घरातल्या दारापासून खिडकीपर्यंत सारखी पसरली, काट्यावर मोजून. मशीन सोडली. सरकी तिनं खडखड गिळली. पालाही साफ केला. मंग रुई आली, अन् रुईनं तिच्या रोलरले असा वेढा घातला की ती जागीच थांबली अन् बोंबलाले लागली. युनूस पोट धरून हसत होता. मी वाकतच होतो, तेवढ्यात माह्या खिशातला फोन वाजला.

"बाबा, मशीन अडकली का? मले इथं मोबाईलवर आलं."

बाप्पा! इथं दिग्रसमधी रुई अडकते अन् तिथं बंगलोरात तिले कळते. मी तिले सांगितलं, हाव, अडकली, दारापाशी. ती म्हणे, थांबा, काढू आपण. युनूसनं चाकूनं रुई कापली, मी फोन धरला, अन् ती बोलत राह्यली. रोलर मोकळा झाला तरी बोलत राह्यली. तिथल्या वांग्याले चव नाही म्हणे. रोडगे केले होते, पण नुसत्या ओव्हनात भाजलेले, धुराचा वासच नाही. शेजारीण चांगली आहे पण कानडी बोलते, मंग दोघी नुसत्याच एकमेकीकडे पाहून हसतात. हे सगळं मले पहिल्यांदाच कळत होतं. वीस मिनिटं झाली होती.

चौथ्या दिवशी मी परत रुई टाकली. मनाले सांगितलं, परीक्षा एकदाच घेऊन भागत नाही. फोन आला. बोलता बोलता ती म्हणे, "बाबा, ही चांगली निघाली ना, तर माही लय काळजी मिटते. रोज सकाळी फिरली की मले मोबाईलवर दिसते. म्हणजे तुम्ही उठले, घर नीट आहे, सगळं बरं आहे. जीवाले घोर नाही."

"म्हणजे मंग रविवारचा फोन?" मी विचारलं.

"गरज पडली की करीनच ना, बाबा."

"बरं," मी म्हणलं.

फोन ठेवला अन् त्या काळ्या डबड्याकडे पाहत बसलो. म्हणजे हे असं होतं तर. ही पास झाली की माहा फोन बंद. दहाव्या दिवशी मी 'सुपर' म्हणायचं, अन् त्यानंतर पोरगी बंगलोरात बसून मोबाईलवर पाहणार की म्हातारा उठला, घर झाडलं गेलं, झालं. रविवारची दोन मिनिटंही गेली. मले राग आला, असा राग आला की लाथ मारून ती मशीन बाहेर फेकावी. कोणाचा राग, ते मले तवा सांगता आलं नसतं.

मंग मी जे केलं ते सांगाले मले लाज वाटते, पण सांगतो. पाचव्या दिवसापासून मी रोज आठले पाच कमी असतानी दारात मूठभर रुई टाकाले लागलो. मशीन निघे, दारात येई, अडके, बोंबले. मी खुर्चीवर फोन मांडीवर घेऊन बसलेलो. दहा मिनिटांत फोन वाजेच. मी म्हणे, "पाह्य, आजही अडकली, काय कामाची नाही ही." मंग आम्ही बोलत बसू. एकदा पाऊण तास. तिच्या ऑफिसात कोण कोणाशी भांडलं हेही मले आता तोंडपाठ झालं होतं. फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटे, मी उगाच दुसऱ्या खोलीत जाऊन येई, अन् दुसऱ्या दिवसाच्या आठ वाजायची वाट पाही.

रोज दुपारी युनूस येऊन रोलर साफ करी, अन् मी खोपट्याचा डबा रिकामा करी. सवयच ना, हात आत घातल्याशिवाय राहवे ना. पेपरावर कचरा ओतायचा अन् बोटानं उलगडून पाहायचा. रुई, ती तर मीच टाकलेली. थोडी धूळ. अन् पांढरे केस, बारीक, आखूड. रोज तेच. नऊ दिवसांच्या कचऱ्यात एकाच माणसाचे केस निघाले. आमच्या घरात पहिले फडा फिरवला की इंदूचे लांब केस निघत, दीपमालाचे निघत, अन् मी ओरडे, की भाजीत केस, पाण्यात केस, सगळीकडे केस. काय ओरडत होतो मी, अन् कशापायी!

आठव्या दिवशी युनूसनं चाकू खाली ठेवला. "धर्मपालभाऊ, ही रुई घरातली नाही. मी दिलेल्या पिशवीतली आहे. तू टाकून राह्यला."

"परीक्षा आहे," मी म्हणलं.

"रोज? एकाच जागी? मशीन घरातली आहे रे, जिनिंगातली नाही. तिले फेल कराचं तुह्या मनात आहे." मी पेपरावरचा कचरा गोळा कराले लागलो. तो म्हणे, "तू मालकाच्या तोंडावर नाही म्हणलं होतं. आम्ही सगळे तिथं उभे होतो. मी घरी जाऊन बायकोले सांगितलं होतं, असा माणूस पाह्यला आज. अन् आता खुद की बेटी को झूट बोलशील?"

"तुह्या घरात सात माणसं आहेत," मी म्हणलं. "तुले काय कळते?"

असं बोलायले नको होतं. तो उठला, चप्पल घातली अन् गेला. नवव्या दिवशी आला नाही. रुई मीच कापली.

दहाव्या दिवशी संध्याकाळी सातले दीपमालाचा फोन आला. मी सगळं ठरवून बसलो होतो. कवडी म्हणायचं. परत कर, दुसऱ्या कंपनीची पाठव म्हणायचं. दुसरी आली की परत दहा दिवस. तिसरी आली की अजून दहा. जगात झाडायच्या मशीनी काय कमी आहेत?

"बोला बाबा. काय ग्रेड?"

"कवडी," मी म्हणलं. "दारातच अडकते. कालही अडकली, आजही अडकली. परत कर अन् दुसरी पाठव, आपण तिलेही पाहू."

मले वाटलं फोन कटला.

"बाबा," ती म्हणे, "त्या मशीनच्या डोळ्यातून मले इथं दिसते."

"काय दिसते?"

"तुम्ही. खोपट्यात उभी असली तरी दिसते. आठले पाच कमी असतानी तुम्ही पिशवी घेऊन येता. दारात रुई टाकता. पायानं सारखी करता. अन् मंग फोन घेऊन खुर्चीवर बसता."

माही कानशिलं तापली. चौतीस वर्षांत ज्याची चोरी कोणी पकडली नाही, कारण त्यानं केलीच नाही, तो माणूस म्हातारपणी पोरीच्या हातात सापडला. लाजेचा मले रागच येते, दुसरं काही येत नाही. मी ओरडलो, "मंग पहिल्याच दिवशी बोलली काहून नाही? लपूनछपून बापाले पाहून राह्यली!"

"बोलली असती तर तुम्ही रुई टाकणं बंद केलं असतं."

"मंग करतोच ना बंद!"

"अन् मी काय म्हणून फोन केला असता?" तिचा आवाज चढला, थेट माह्यासारखा. "तुम्हाले असाच फोन केला की तुम्ही विचारता, काय काम होतं? काम नसलं की म्हणता, मंग ठेव, तुह्या कामाचा खोळंबा होते. आई होती तवा आई तरी बोले. आई गेल्यावर मले तुमच्याशी बीपीशिवाय काही बोलताच येत नाही, बाबा. रविवारचा फोन तरी चालू ठेव म्हणतान, असं वाटलं होतं मले त्या दिवशी. तुम्ही म्हणले, बरं."

मले एक दुपार आठवली. इंदूले जाऊन महिनाच झाला असन. गुरुवार होता, दीडचा सुमार, अन् हिचा फोन आला. मी म्हणलं, दुपारी कायले केला, ऑफिस नाही का? ती म्हणे, असाच केला बाबा. मी म्हणलं, बरं मंग, काम कर आपलं. अन् फोन ठेवला, अन् वरून मनात म्हणलं, पाहा, आपण पोरीचा वेळ खात नाही, आपण समजदार बाप आहोत. आता कळते, ती त्या दुपारी रडायले बसली होती, अन् मी फोन ठेवला. तवापासून मशीन येईपर्यंत तिनं रविवारशिवाय फोन केला नाही.

"खरी ग्रेड सांगा आता," ती म्हणे. नाक ओढल्याचा आवाज आला. "आज रात्रीपर्यंतच वेळ आहे."

"सुपर," मी म्हणलं. "कोपऱ्यात जरा कमी पडते. पण सुपर आहे."

"मंग मशीन ठेवू?"

"ठेव."

मंग तिनं 'बरं' म्हणलं अन् फोन ठेवला. उद्या करते, असं काही म्हणली नाही. मीही म्हणलो नाही, की कर. शब्द तोंडाशी आला होता, पण जन्माची खोड एका संध्याकाळी जात नाही.

दुसऱ्या दिवशी आठले मशीन निघाली. दार साफ होतं. ती गेली, तिन्ही खोल्या फिरली, पलंगाखालून आली, माह्या खुर्चीभोवती वळसा घालून गेली अन् साडेआठले खोपट्यात जाऊन उभी राह्यली. एकदाही अडकली नाही. फोन वाजला नाही, वाजन तरी कायले? मी पिशवीतली उरलेली रुई चुलीपाशी नेऊन ठेवली. युनूसच्या घरी जाऊन त्याच्या हातापाया पडावं लागन, तेही मनात होतं. साडेनऊ झाले. मी फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. तिचं नाव शोधायले मले वेळ लागला, कारण अडीच वर्षांत मी स्वतःहून तिले कधी फोन लावलाच नव्हता.

पहिल्याच घंटीले तिनं उचलला. "बाबा? काय झालं? पडले का तुम्ही?"

"नाही."

"छातीत दुखते का? खरं सांगा."

"काही झालं नाही, बाई. बरा आहो."

"मंग?"

"काम नाही काही," मी म्हणलं. "असाच केला."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी रस्त्यावर हॉर्न वाजवला. मले पुढं काही सुचे ना, तिलेही सुचलं नसन. पण फोन तिनंही ठेवला नाही, अन् मीही ठेवला नाही.